लोकांच्या सहभागातून सार्वजनिक कला: मुंबईत यावर आयुष्य उभं राहतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिल्पकलेची पदवी, राहणं डोंबिवलीला. गेल्या फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सवात दोऱ्यांचं एक काम केलं. येणारा प्रत्येक जण आपल्या गल्लीचं नाव चिठ्ठीवर लिहून एक दोरा बांधत होता. गर्दी झाली, फोटो निघाले, नऊ दिवसांनी सगळं उतरवलं. आता परळच्या एका चाळीच्या पुनर्विकासाच्या जागी ‘रहिवाशांच्या सहभागातून’ एक भिंत करायला बिल्डरने बोलावलंय. यावर पोट भरतं का, पैसे कुठून येतात, परवानग्या कोण देतं आणि हे बिल्डरचं काम घ्यावं का, असं तू विचारलं आहेस.

मी या कामात पंचवीसेक वर्षं आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो. पोट भरतं, पण एका अटीवर. या कामात तू लोकांबरोबर जो वेळ घालवतेस आणि त्या वेळात त्यांना जो निर्णय घेऊ देतेस, त्याची किंमत तुला लावता आली पाहिजे. ती लावली नाहीस तर काम चौरस फुटाच्या दरावर येतं, आणि त्या दराने तुझ्यापेक्षा स्वस्तात आणि झटपट रंगवून देणारे ठेकेदार या शहरात भरपूर आहेत.

आधी तुझ्या दोऱ्यांच्या कामाबद्दल. काम चांगलं होतं. पण त्यात लोकांनी ठरवलं काय? दोरा कुठे बांधायचा आणि चिठ्ठीवर कुठलं नाव लिहायचं, एवढंच. बाकी सगळं तू आधीच ठरवून ठेवलं होतंस. शेरी आर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि अगदी वर लोकांच्या हाती कारभार. शिडी नगररचनेसाठी होती, पण आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते. महोत्सवातली बहुतेक कामं खालच्या पायऱ्यांवर राहतात, कारण नऊ दिवसांत आणि लाखांच्या गर्दीत त्याहून वर चढायला जागाच नसते. महोत्सव जरूर कर, तिथे तुझं नाव होईल. पण तुझी मुख्य वाट वेगळी हवी.

निर्णय लोकांच्या हाती जातो म्हणजे नेमकं काय होतं, ते एका कामावरून सांगतो. बीडीडी चाळी तुला माहीत आहेत. 1920 च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून मुळात 207 इमारती, एकेक खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकास पुढे सरकायला लागला तेव्हा एका चाळीतल्या लोकांबरोबर आम्ही मधल्या मोकळ्या जागेत खोलीचा नकाशा खऱ्या मापाचा काढायचं ठरवलं. सुतळी ताणून कडा आखल्या, गेरूने भिंती काढल्या, पांढऱ्या रांगोळीने दार, खिडकी, मोरी. माझ्या डोक्यात होतं की लोक सामान मांडतील: कपाट, फडताळ, कॉट, देव्हारा. पहिल्या संध्याकाळी तसंच झालं. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी आल्या, हात कमरेवर ठेवून नकाशाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सामान काय दाखवता? आम्ही झोपायचो कसे ते दाखवा.”

त्यांनी चप्पल काढली, रांगोळीची वाटी घेतली आणि एकेका माणसाची जागा आखायला लागल्या. सासरे कॉटवर, कॉटखाली दोन दीर, मोरीला पाय करून सासूबाई, दाराशी नवरा, आणि त्या स्वतः ओट्याच्या खाली, कारण पहाटे पाणी यायचं तेव्हा आधी त्यांनाच उठायला लागायचं. थोरला मुलगा बारावीला गेल्यावर गॅलरीत झोपायला लागला, म्हणून त्याची आकृती नकाशाच्या बाहेर. मग बाकीच्यांनी आपापली घरं आखली. कुणाची मामेभावंडं गावाहून नोकरीला आलेली, कुणाकडे रात्रपाळीवाला आणि दिवसपाळीवाला मिळून एकच जागा. आठवडाअखेर त्या मैदानात सामानाचं एकही चित्र उरलं नव्हतं, नुसत्या झोपलेल्या माणसांच्या आकृत्या आणि त्यांची नावं.

हे काम माझ्या मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी मोठं झालं, आणि ते मावशींनी केलं. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती: आम्ही रांगोळी निवडली होती, जी पुसता येते, आणि संध्याकाळी लवकर निघून जायची घाई आम्हाला नव्हती. साहित्य निवडताना हे ध्यानात ठेव. ज्या साहित्यात हात बसलेला आहे त्यातच लोक धीटपणे बदल करतात. रांगोळी, खडू, शिवणकाम, पतंगाचा कागद, मंडपाचा बांबू. कॅनव्हास आणि ब्रश दिलास की पहिलं वाक्य येतं, “आम्हाला नाही हो चित्र येत.”

आता आपल्या आधी काय झालंय ते. तुझ्या पिढीला वाटतं हे सगळं परदेशातून आलं. तिकडचं वाचच, पण इथलं आधी बघ. गिरगावात केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. वर्गणी, कार्यकर्ते, देखाव्यावरून होणारे वाद, रात्र-रात्र जागून केलेली सजावट आणि शेवटी छापलेला अहवाल: सहभागाच्या कलेची सगळी यंत्रणा मंडळांनी कधीच उभी केलेली आहे. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावातल्या मैदानांत कामगारांनाच प्रेक्षक आणि विषय दोन्ही केलं.

आपल्या क्षेत्रातलं म्हणशील तर नवजोत अल्ताफ यांचं काम नीट अभ्यास. जे.जे.मधून शिकलेल्या, मुंबईत राहणाऱ्या या कलावतीने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमध्ये कोंडागावला राजकुमार, शांतीबाई, गेसूराम अशा आदिवासी भागातल्या कलाकारांबरोबर काम केलं. त्यातलं ‘नलपार’ मला फार महत्त्वाचं वाटतं. हापशाभोवतालची जागा त्यांनी बांधली: सांडपाण्याची वाट, उभं राहायला कोरडी फरशी, आणि भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी टेकवायला योग्य उंचीचा कट्टा. बायकांच्या कंबरेची आणि खांद्याची उंची त्या रचनेत उतरली आहे. ते शिल्प आहे आणि रोजच्या वापरातही आहे. 2018 च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) नवजोत यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, म्हणजे या वाटेने गेलेलं माणूस संग्रहालयापर्यंतही पोचतं.

मुंबईत शिल्पा गुप्ता यांनी गुजरातमधल्या 2002 च्या दंगलींनंतरच्या काळात लोकल गाड्यांमध्ये नकली रक्ताच्या बाटल्या प्रवाशांच्या हातात दिल्या. बाटलीवर दोष दुसऱ्याच्या धर्मावर आणि देशावर ढकलण्याबद्दलचा मजकूर होता. अशोक सुकुमारन यांनी 2005 मध्ये फोर्टात जीपीओच्या परिसरात इमारतींवर दिव्यांची माळ लावली आणि रस्त्यावर एक हाताने फिरवायचं चाक ठेवलं. जाणारा-येणारा चाक फिरवायचा तसतसे दिवे इमारतींवरून सरकायचे. पुढे 2007 मध्ये शैना आनंद आणि त्यांनी मिळून कॅम्प हा गट उभा केला. तुषार जोग, शर्मिला सामंत, अर्चना हांडे यांच्या ओपन सर्कलने तर कलाकारांनी रस्त्यावरच्या प्रश्नांत उतरायचं म्हणजे काय, हे 2000 च्या आसपासच दाखवून दिलं. 2015 मध्ये ‘स्नेहा’ या आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थेने धारावीत बिएनाले, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन, भरवलं. बायकांनी धारावीचा नकाशा कापडावर शिवला आणि घरातल्या मारहाणीच्या जागा त्यावर दाखवल्या. त्यामागे कार्यशाळांचं भरपूर आधीपासूनचं काम होतं. पैसा आरोग्यासाठीचा होता, कलेसाठीचा नव्हता, हे लक्षात घे. पुढे पैशांवर येतो तेव्हा हा मुद्दा लागेल.

आणि भिंती. 2009 मध्ये सेनापती बापट मार्गालगतच्या रेल्वेच्या लांबच लांब भिंतीवर शेकडो सामान्य माणसांनी येऊन चित्रं काढली. 2017 मध्ये ससून डॉकवर स्टार्ट इंडिया या रस्त्यावरच्या कलेच्या संस्थेने मोठा कलाप्रकल्प केला. 2018 च्या सुमारास घाटकोपरच्या असल्फ्याची टेकडी रंगली, मेट्रोतून दिसते. ही कामं लोकांना आवडली आणि त्यांनी शहरात भिंतचित्राला मान मिळवून दिला. पण रंगवायला लोकांना बोलावणं आणि काय रंगवायचं, की रंगवायचंच नाही, हे त्यांना ठरवू देणं यात फरक आहे. तू कुठे उभी आहेस हे प्रत्येक कामाआधी स्वतःला विचार. वस्तीतल्या लोकांनी “आम्हाला चित्र नको, जिन्याला कठडा करून द्या” म्हटलं तर तुझ्याकडे कठडा करायची तयारी हवी. तू शिल्पकार आहेस, कठडा सुंदर करशील.

मुंबईत या कामाची सगळ्यात मोठी अडचण जागेची आहे असं लोक म्हणतात. माझ्या अनुभवात ती वेळेची आहे. इथे माणसाकडे वेळच नाही, आणि सहभाग म्हणजे त्याचा वेळ मागणं. म्हणून वस्तीचं वेळापत्रक आधी शिक. बायका साधारण अडीच ते पाच मोकळ्या असतात. मुलं शाळेतून यायच्या आत. पुरुष रविवारी सकाळी अकराच्या पुढे, आणि क्रिकेटचा सामना असेल तर तेही नाही. पाणी यायच्या वेळेला कुणालाही काही विचारू नकोस. मे महिन्यात निम्मी चाळ कोकणात किंवा घाटावर गावी. गणपतीत कोकणवाले पुन्हा गावी, उरलेले मंडळात. रमजानमध्ये संध्याकाळ विसर, पण तरावीहच्या नमाजानंतर रात्री गल्ल्या जाग्या असतात आणि उत्तम बैठका होतात. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या आसपास अनेक वस्त्यांमधले कार्यकर्ते आधीच पूर्ण गुंतलेले असतात. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावी. जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळपास बंद, पण पावसात लोक घरात सापडतात, म्हणून बोलणं, ऐकणं, नोंदी, नमुने हे सगळं पावसात करायचं आणि बांधणी दिवाळीनंतर. मी माझं वर्ष असंच आखतो. देणगीदाराच्या आर्थिक वर्षाला हे जुळत नाही, मार्चअखेर त्यांना उद्घाटन हवं असतं. तरी करार करतानाच पावसाचे महिने ‘पूर्वतयारी’ म्हणून मानधनासकट लिहून घे.

आणि दरवेळी नवी वस्ती शोधू नकोस. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण पट्ट्यातली एक जागा निवड, जिथे तुला ओळखीचं कुणी आहे आणि जिथे रोज जाता येईल. पहिली तीन वर्षं तिथेच. लोक पहिल्या वर्षी नम्रपणे हो म्हणतात, दुसऱ्या वर्षी भांडतात, आणि तिसऱ्या वर्षी स्वतः होऊन बोलावतात. भांडण सुरू झालं की समज काम रुळावर आलं.

परवानग्यांचं उत्तर जागा कुणाची यावर आहे, आणि मुंबईत एकाच कोपऱ्यावर चार मालक असतात. फुटपाथ आणि बहुतेक रस्ते महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे, म्हणजे सहायक आयुक्तांकडे, ज्यांना सगळे वॉर्ड ऑफिसर म्हणतात. काही पूल, मेट्रोचे खांब आणि त्याखालची जागा एमएमआरडीए किंवा मेट्रोच्या कंपन्यांकडे. रुळांलगतच्या भिंती पश्चिम किंवा मध्य रेल्वेकडे. गोदी भागात पोर्ट ऑथॉरिटी. चाळ म्हाडाची असू शकते, ट्रस्टची असू शकते. फोर्ट, काळा घोडा अशा वारसा परिसरात हेरिटेज समितीचा प्रश्न येतो. रस्त्यावर काही उभारलंस की वाहतूक पोलिसांची एनओसी, स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी, मांडवासारखं काही असेल तर अग्निशमन दलाचं आणि उंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र. परवानगीशिवाय भिंत रंगवणं हा 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, तेव्हा ‘आधी करून टाकू, मग बघू’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. पकडला जातो तो बहुधा वस्तीतला पोरगा, कलाकार नाही.

अर्ज मराठीत, एका पानाचा, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही; पुढच्या प्रत्येक फेरीला तोच नंबर विचारतात. सोबत जागेचा फोटो, मापं टाकलेलं साधं चित्र, किती दिवस, कोण काढून नेणार आणि जागा पूर्ववत करून देण्याची हमी. ही शेवटची ओळ अधिकाऱ्यांना सगळ्यात जास्त हवी असते. वस्तीतल्या मंडळाचं किंवा महिला बचत गटाचं पत्र जोडलंस तर फाइल लवकर हलते. मी नेहमी वस्तीतल्या दोघा-तिघांना घेऊन जातो. त्यांना ऑफिस कळतं, खुर्चीवरच्या माणसाला वस्ती कळते, आणि पुढे गटाराच्या तक्रारीला तेच लोक त्याच टेबलाशी बिनधास्त जातात.

आता पैसे, ज्याबद्दल जे.जे.त कुणी बोलत नाही.

एक सहा लाखांचं, पाच महिन्यांचं काम धर. मी त्याची मांडणी अशी करीन: साहित्य आणि कारागीर दोन लाख, तुझं मानधन दीड लाख, दोन सहकाऱ्यांचं मिळून एक लाख, वस्तीतले जे लोक नियमित वेळ देतील त्यांचं मानधन, चहा-नाश्ता आणि प्रवास साठ हजार, छायाचित्रण, छपाई, नोंदी चाळीस हजार, आणि पन्नास हजार वर्षभराच्या देखभालीसाठी किंवा नीट उतरवण्यासाठी बाजूला. यातला एकही भाग कापू देऊ नकोस. देणारे नेहमी मानधनाला हात घालतात आणि म्हणतात, एक्स्पोजर मिळेल. तेव्हा त्यांना पाच महिन्यांचा आठवड्यावार तक्ता दाखव: कोणत्या आठवड्यात किती बैठका, कुणाबरोबर, त्यातून काय ठरणार. वेळ कागदावर दिसला की त्याला पैसे द्यावे लागतात हे हिशेबनिसालाही पटतं.

दीड लाख पाच महिन्यांवर वाटले की महिना तीस हजार. घरी राहणाऱ्या एकटीला हे जमेल, घर चालवायला पुरणार नाही, आणि अशी दोन कामं एका वर्षात मिळणं सुरुवातीला अवघड. म्हणून पहिली चार-पाच वर्षं दुसरं उत्पन्न पक्कं ठेव. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास, शाळेत अर्धवेळ शिकवणं, सेट डिझाइनमध्ये हाताखाली काम, गणपती-नवरात्रीची सजावट. घरच्यांना हाच हिशेब दाखव. ‘कलाकार व्हायचंय’ यापेक्षा ‘क्लासचे इतके, कामाचे इतके’ हे वाक्य आई-वडिलांना झोप लागू देतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मोठा पैसा कुठे आहे? कलेच्या अनुदानांत थोडा आहे आणि तो चांगला असतो, कारण त्यात प्रयोगाला मोकळीक असते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स वर्षानुवर्षं अनुदानं देते आहे आणि तिथे मराठीतही प्रस्ताव पाठवता येतो. इंग्रजीची भीती हे कारण राहत नाही. दिल्लीची फिका ही समकालीन कलेची संस्था सार्वजनिक कलेसाठीही अनुदान देत आली आहे. इनलॅक्स फाउंडेशनचा तरुण कलाकारांचा पुरस्कार आहे. कोचीच्या बिएनालेचं विद्यार्थ्यांसाठीचं बिएनाले आहे, गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सव आहे. पण याहून मोठा पैसा आरोग्य, शिक्षण, पाणी, कचरा, वाहतूक या खात्यांत आणि कंपन्यांच्या सीएसआरमध्ये असतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या यादीत कला-संस्कृतीही आहे. हा पैसा तुला एकटीला थेट मिळत नाही. नोंदणीकृत संस्था लागते. तेव्हा ट्रस्ट काढायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. आधीपासून वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी जोडून घे. त्यांच्याकडे नोंदणी, हिशेबनीस आणि लोकांचा विश्वास असतो. तुझ्याकडे त्यांना न सुचलेली रीत असते. धारावीचं उदाहरण म्हणूनच दिलं.

पैसे हप्त्यांत घे: करारावर चाळीस टक्के, बैठका संपल्यावर तीस, बांधणी झाल्यावर वीस, नोंदी दिल्यावर दहा. डिझाइन आधी फुकट मागतील. प्रस्तावात प्रक्रिया लिहून दे, चित्र नको. अंतिम चित्र आधीच दिलंस तर लोकांनी ठरवायचं काय उरतं? हे वाक्य पत्रात असंच लिही, चालतं. व्यावसायिक मानधनावर बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात, विवरण भरून तो परत मिळवता येतो. जीएसटीची चिंता वर्षाला वीस लाखांच्या पुढे गेलीस की.

एक सवय मंडळांकडून उचल: कामाचा जमाखर्च छापून गल्लीत लाव. किती आले, कुणाकडून, कशावर गेले, तुझं मानधन किती. पहिल्यांदा हात थरथरतो. पण लोकांच्या मनात “आमच्या नावावर हिने किती कमावले” हा प्रश्न असतोच, आणि तो मागून बोलला जाण्यापेक्षा समोर वाचलेला बरा. माझं मानधन वाचून एका आजोबांनी “एवढ्यात भागतं का रे?” असं विचारलं होतं. त्या कामानंतर त्या गल्लीत मला कधी परकं वाटलं नाही.

हक्कांबद्दल थोडंसं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 कलाकाराला कामाची मोडतोड होण्याविरुद्ध आणि नावासाठी हक्क देतं, काम विकल्यानंतरसुद्धा. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून अडगळीत टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेलं शिल्प परत करायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. करारात ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असं वाक्य हमखास असतं. तिथे पेन थांबव. सहभागाच्या कामात प्रश्न आणखी पुढे जातो: मावशींनी आखलेली आकृती कुणाची? मी करारात असं घालतो की सहभागी लोकांची नावं, त्यांना हवी असतील तर, कामासोबत आणि प्रत्येक प्रकाशनात येतील. त्यांचे शब्द, आवाज, फोटो जाहिरातीसाठी वापरायचे तर त्यांची वेगळी संमती लागेल. आणि नोंदींची एक प्रत वस्तीत राहील. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कधीच नाही.

तुझ्या पोर्टफोलिओत फक्त झालेल्या कामाचे सुंदर फोटो नकोत. कल्पना सुरुवातीला काय होती, ती कुणी, कधी, कशी बदलली, हे दोन पानांत लिहून ठेव, प्रत्येक कामाचं, त्याच महिन्यात. निवड समितीवर बसतो तेव्हा मी आधी हीच पानं शोधतो, आणि बहुतेक अर्जांत ती नसतात. पुढचं शिक्षण घ्यायचंच असेल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा कलेतिहासाचा पदविका अभ्यासक्रम बघ. काम न सोडता करता येईल. परदेशी एमए तीन वर्षांनी, स्वतःचं काही काम हाताशी असताना.

आता बिल्डर. तुला वाटतंय घेतलं तर विकली गेले, नाही घेतलं तर संधी गेली. मला असं वाटत नाही. पुनर्विकास होणारच आहे आणि तिथली माणसं खरी आहेत. प्रश्न एवढाच की भिंत कुणाची गोष्ट सांगणार आणि ते कोण ठरवणार. होकार देण्याआधी चाळीत जा, बिल्डरच्या माणसाशिवाय. भाडेकरू संघटनेच्या लोकांना भेट, आणि जे विरोधात आहेत त्यांनाही. करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत का, संक्रमण शिबिरात कोण गेलंय, भाडं वेळेवर मिळतंय का, हे विचार. तिथे वाद चालू असेल तर तुझी भिंत कोर्टात आणि ब्रोशरमध्ये ‘रहिवाशांचा आनंद’ म्हणून दाखवली जाईल, मग तू काहीही रंगवलेलं असो. तसं असेल तर नकार दे, आणि कारण लिहून दे.

वाद नसेल तर चार गोष्टी लेखी माग. विषय रहिवाशांच्या सभेत ठरेल आणि बिल्डरला त्यावर नकाराधिकार नसेल. जुन्या चाळीतली एखादी खरी वस्तू, दारं, कठडे, जिन्याच्या पायऱ्या, कामात वापरायला मिळेल. विक्रीच्या जाहिरातीत काम किंवा लोकांचे चेहरे वापरले जाणार नाहीत. आणि भिंत नव्या इमारतीत रहिवाशांच्या बाजूला असेल, विक्रीच्या टॉवरच्या लॉबीत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर थोडी घासाघीस झाली तर चालेल. पहिल्या आणि तिसऱ्यावर नाही.

ते म्हणतील, आमचे आर्किटेक्ट बघतील, कळवतो. त्यांना पंधरा दिवसांची मुदत घालून पत्र दे, ईमेलवर नाही, कागदावर, पोच घेऊन. पत्राचा मसुदा केलास की मला पाठव, हक्कांचा परिच्छेद मी वाचून देईन. आणि चाळीत जाशील तेव्हा दुपारी तीनला जा.